मोडेन पण वाकणार नाही: पुट्टीवर वेगाचा घाव पडतो तेव्हा

सिली पुट्टी या मऊ, रबरी खेळण्याचा पिंगपाँगच्या चेंडूएवढा गोळा घ्या आणि दोन्ही बाजूंनी धरून सावकाश ओढा. गोळा लांबतो, मधोमध बारीक होत जातो, त्याची सुतासारखी तार निघते आणि ती स्वतःच्याच वजनानं खाली झोल घेते. आता तोच गोळा पुन्हा मळून एकजीव करा आणि या वेळी एकच जोरदार हिसका द्या. टच्‌ असा आवाज होतो आणि हातात दोन तुकडे येतात. तुटलेली जागा नीट निरखा. खडू मोडल्यावर दिसते तशी ती सपाट आणि स्वच्छ असते, तारेचा मागमूसही नसतो. दोन्ही वेळा हात तेच होते, पुट्टी तीच होती, खोलीचं तापमानही तेच होतं. बदलला तो ओढायला लागलेला वेळ.

ताठ कण्याच्या माणसाचं वर्णन करताना आपण ‘मोडेन पण वाकणार नाही’ असं म्हणतो. पुट्टी वाकतेही आणि मोडतेही. कधी काय करायचं हे समोरच्याच्या घाईवर ठरतं. यातूनच एक समज पसरला आहे: घाव जितका वेगवान तितकी पुट्टी कडक, म्हणजे बंदुकीच्या गोळीपुढे ती दगडासारखीच होणार. पहिला भाग एका मर्यादेपर्यंत खरा आहे. दुसरा मात्र चुकीचा आहे, आणि तो का चुकतो हे समजून घेताना पदार्थांबद्दल जे कळतं ते दगडाच्या कल्पनेपेक्षा मला कितीतरी जास्त मोलाचं वाटतं.

आधी पुट्टीच्या आत डोकावू. तिचा मोठा भाग म्हणजे सिलिकोन तेल. (सिलिकॉन हे मूलद्रव्य आणि सिलिकोन हा त्यापासून बनणारा पॉलिमर, फरक एका मात्रेचा, पण गोंधळ नेहमीचा.) सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे अणू आळीपाळीनं जोडले जाऊन या पॉलिमरच्या लांबच लांब, लवचीक साखळ्या बनतात. नुसतं तेल असेल तर या साखळ्या एकमेकींवरून घसरत राहतात आणि पदार्थ वाहता राहतो. त्यात बोरिक अ‍ॅसिड घालून तापवलं की बोरॉनचे अणू साखळ्यांच्या टोकांशी जोडले जातात. बोरॉनकडे इलेक्ट्रॉनची कायम चणचण असते. शेजारच्या साखळीतला एखादा ऑक्सिजन जवळ आला की बोरॉन त्याच्याकडच्या इलेक्ट्रॉनच्या जोडीत वाटेकरी होतो आणि दोन साखळ्यांमध्ये एक कच्चा बंध बसतो.

‘कच्चा’ हा शब्द इथे महत्त्वाचा. गाठींचे दोन प्रकार आपल्याला माहीत असतात: निरगाठ, जी सुटता सुटत नाही, आणि सुरगाठ, जी ओढली की सुटते. टायरच्या रबरात गंधकानं मारलेल्या निरगाठी असतात, म्हणून रबर वर्षानुवर्षं आपला आकार सोडत नाही. पुट्टीतल्या गाठी सुरगाठी आहेत. त्या उष्णतेच्या हेलकाव्यांनी आपोआप सुटतात, साखळी थोडी सरकते आणि नव्या जागी, नव्या शेजाऱ्याशी पुन्हा गाठ बसते. कोणत्याही क्षणी पाहिलं तर जाळं पूर्ण विणलेलं दिसेल, पण थोड्या वेळानं पाहिलं तर तेच जाळं वेगळ्या जागी विणलेलं असेल. शिवाय पुट्टीत सिलिकाची बारीक पूड आणि एरंडेलापासून बनवलेला एक घट्ट करणारा घटकही असतो, त्यामुळे ती हातात धरण्याजोगी राहते. पण तिचा स्वभाव ठरतो तो या सुरगाठींमुळे.

या पदार्थाचा जन्म दुसऱ्या महायुद्धातला. आग्नेय आशियातला रबराचा मुलूख जपानच्या ताब्यात गेल्यावर अमेरिकेत कृत्रिम रबराचा शोध जोरात सुरू झाला. १९४३ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या न्यू हेवन इथल्या प्रयोगशाळेत जेम्स राइट यांनी सिलिकोन तेलात बोरिक अ‍ॅसिड मिसळलं आणि उसळणारा, ताणला जाणारा हा गोळा हाती आला. डाऊ कॉर्निंगचे अर्ल वॉरिक आणि रॉब रॉय मॅकग्रेगर यांनीही हाच शोध स्वतंत्रपणे लावल्याचा दावा केला, आणि श्रेयाचा तो वाद कधी पुरता मिटला नाही. टायरसाठी हा गोळा निरुपयोगी होता, कारण उभी ठेवलेली मोटार हळूहळू त्यात रुतून बसली असती. १९५० मध्ये पीटर हॉजसन यांनी त्याला सिली पुट्टी हे नाव देऊन, प्लास्टिकच्या अंड्यात भरून खेळणं म्हणून बाजारात आणलं. १९६८ मध्ये अपोलो ८ च्या अंतराळवीरांनी वजनविरहित अवस्थेत अवजारं जागेवर चिकटवून ठेवायला ही पुट्टी सोबत नेली होती.

आता पुन्हा हिसक्याकडे येऊ. पुट्टीतली गाठ सुटून दुसरीकडे बसायला काही वेळ लागतो. नमुन्यानुसार आणि तापमानानुसार तो कमीजास्त होतो, पण साधारणपणे सेकंदाच्या काही दशांशापासून एखाद्या सेकंदापर्यंत समजा. याला आपण पुट्टीचा ‘सैलावण्याचा काळ’ म्हणू. दहा सेकंद लावून ओढलं तर प्रत्येक गाठीला अनेकदा सुटून पुन्हा बसायची संधी मिळते. साखळ्या सरकतात, ताण साचतच नाही, आपल्याला तार दिसते. शंभरांश सेकंदात हिसका दिला तर बहुतेक गाठी सुटायच्या आतच सगळं उरकलेलं असतं. त्या क्षणापुरत्या त्या निरगाठीच ठरतात आणि पुट्टी रबरासारखी वागते: ताणली जाते, ताण साठवते, आणि मर्यादेपलीकडे गेली की तुटते.

या विचाराचं मूळ जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांच्या १८६७ मधल्या, खरं तर वायूंवरच्या, एका निबंधात आहे. आज ती कल्पना एका साध्या चित्रातून शिकवली जाते. एक स्प्रिंग घ्या आणि तिच्या टोकाला दार सावकाश मिटवणारा तेलाचा दट्ट्या जोडा. जोडी हळू ओढली तर दट्ट्या सरकत राहतो, स्प्रिंग जागची हलत नाही. झटका दिला तर दट्ट्या अडून बसतो आणि ओढली जाते ती स्प्रिंग. दट्ट्याचा विरोध म्हणजे पदार्थाची श्यानता, अर्थात त्याचा वाहायला असलेला विरोध. स्प्रिंगचा ताठपणा म्हणजे त्याची स्थितिस्थापकता. पहिल्याला दुसऱ्यानं भागलं की सैलावण्याचा काळ मिळतो.

मार्कस रायनर या शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये यापुढचं पाऊल टाकलं. पदार्थाच्या सैलावण्याच्या काळाला आपल्या निरीक्षणाच्या काळानं भागा. उत्तर एकापेक्षा खूप मोठं आलं तर पदार्थ घन भासेल, खूप लहान आलं तर द्रव. या संख्येला त्यांनी बायबलमधल्या डेबोरा या भविष्यवादिनीचं नाव दिलं, कारण परमेश्वरापुढे पर्वत वाहिले असं तिच्या गीतात म्हटलं आहे. माणसाच्या आयुष्यात पर्वत वाहताना दिसत नाहीत, पण पाहणाऱ्याकडे अनंत काळ असेल तर ते दिसतील, असा रायनर यांचा मुद्दा.

तो अक्षरशः खरा आहे. भूकंपाच्या ज्या लहरी फक्त घन पदार्थातूनच जाऊ शकतात, त्या पृथ्वीच्या प्रावरणातून सहज पार होतात; आणि तेच प्रावरण लाखो वर्षांच्या हिशोबात वाहतं, म्हणूनच खंड सरकतात. डांबराचंही तसंच. क्वीन्सलँड विद्यापीठात टॉमस पार्नेल यांनी १९२७ मध्ये डांबराचा प्रयोग सुरू केला. नरसाळ्यात भरलेल्या त्या डांबराचे २०१४ पर्यंत जेमतेम नऊ थेंब पडले. हातोडी मारली तर असल्या डांबराच्या काचेसारख्या ठिकऱ्या उडतात. पुट्टी या कुटुंबातलीच आहे. तिचं वेगळेपण एवढंच की तिचा काळ आपल्या बोटांच्या काळाशी जुळतो. डांबराचा स्वभाव पाहायला पिढी जावी लागते, पुट्टीचा एका मिनिटात दिसतो.

इथे एक गल्लत दूर करायला हवी, कारण ती चांगल्या चांगल्या लेखांतही सापडते. पाण्यात कालवलेलं मक्याचं स्टार्च आणि पुट्टी यांना एकाच माळेत ओवलं जातं. दोन्ही झटक्यानं घट्ट होतात हे खरं, पण कारणं अगदी वेगळी आहेत. स्टार्चच्या मिश्रणात पाण्यात तरंगणारे असंख्य कण असतात. जोरानं दाबलं की ते एकमेकांवर येऊन अडकतात. शिकागो विद्यापीठात वाइटुकाइटिस आणि येगर यांनी २०१२ मध्ये दाखवलं की अशा मिश्रणात दांडा घुसवला की त्याच्यापुढे अडकलेल्या कणांचा एक घट्ट गट्टू तयार होतो आणि तो पुढे पुढे वाढत जातो. पुट्टीत हे असं कणांचं चेंगरणं मुख्य नाही; तिथे खेळ साखळ्यांचा आणि गाठींना मिळणाऱ्या वेळेचा आहे. आणखी म्हणजे पुट्टी एकसारखी जोरानं घुसळत ठेवली तर तिची श्यानता उलट कमी होते. म्हणून ‘जोर लावला की दाट होणारा द्रव’ हे वर्णन स्टार्चला शोभतं. पुट्टीला ‘काळानुसार द्रव किंवा घन’ असंच म्हणायला हवं.

मग एक प्रश्न उरतो. पुट्टीचा गोळा जमिनीवर टाकला तर चेंडूसारखा उसळतो, पण हातोडीच्या घावानं त्याच्या ठिकऱ्या उडतात. घाव तर दोन्हीकडे झटपटच आहे. मग एकदा उसळी आणि एकदा चुरा का?

हिशोब करून पाहू. २० ग्रॅमचा गोळा एक मीटर उंचीवरून सोडला तर तो सेकंदाला साधारण ४.४ मीटर वेगानं जमिनीला टेकतो. त्याच्याकडची ऊर्जा असते सुमारे ०.२ ज्यूल. जमिनीशी भेट काही हजारांश सेकंदांची, म्हणजे गाठी सुटायला वेळच नाही. तेवढ्या ऊर्जेनं गोळा थोडासा चपटा होतो, रबरासारखी ती ऊर्जा साठवतो आणि परत देतो. आता अर्ध्या किलोची हातोडी सेकंदाला ८ मीटर वेगानं आणा. तिची ऊर्जा १६ ज्यूल, म्हणजे ८० पट. शिवाय खाली ऐरण, वर हातोडी. गोळ्याला निसटायला जागा नाही. आतलं जाळं त्याच्या कुवतीपलीकडे ताणलं जातं. कुठेतरी बारीक चीर पडते. हळू ओढताना अशा चिरेच्या टोकाशी पुट्टी वाहते, टोक बोथट होतं आणि चीर तिथेच विरते. झटक्यात वाहायला वेळ नसतो, त्यामुळे टोक धारदार राहतं, सगळा ताण तिथे एकवटतो आणि चीर आरपार धावते. (हा प्रयोग करणार असाल तर डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच. तुकडे दूरवर उडतात.)

म्हणजे वेग एवढंच ठरवतो की पुट्टी वाहणार की ताणली जाणार. ताणल्यावर ती परत फिरणार की तुटणार, हे घावातल्या ऊर्जेवर ठरतं. कडक असणं आणि मजबूत असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. काच कडक असते, पण तिच्या मजबुतीचा भरवसा कोणी देत नाही. पुट्टी दगड बनते असं म्हणणारे नेमका हाच फरक विसरतात.

तापमानाचाही यात मोठा वाटा आहे. थंडीत गाठी सावकाश सुटतात, उष्णतेत भराभर. पुट्टी फ्रीजमध्ये ठेवून मग ओढा. खोलीच्या तापमानाला ज्या वेगानं तार निघत होती, त्याच वेगाला आता ती तुटायची शक्यता वाढते. कोमट पाण्यात ठेवलेली पुट्टी मात्र हिसक्यालाही थोडी दाद देते. पॉलिमरच्या शास्त्रात ही अदलाबदल फार कामाची ठरली आहे: घाव जलद करणं आणि पदार्थ थंड करणं यांचा परिणाम बऱ्याच अंशी सारखाच असतो. विल्यम्स, लँडेल आणि फेरी यांनी १९५५ मध्ये या अदलाबदलीचं जे सूत्र मांडलं, ते आजही रोज वापरलं जातं. प्रयोगशाळेत गाठता न येणारे वेग नमुना थंड करून अभ्यासता येतात.

आता बंदुकीची गोळी.

साध्या पिस्तुलाची ८ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३५० मीटर वेगानं येते असं धरू. पाच सेंटीमीटर जाडीचा पुट्टीचा ठोकळा पार करायला तिला वेग न घटता जायचं असेल तर सेकंदाचा सात हजारावा भाग पुरतो. डोळ्याला यातलं काहीच दिसणार नाही. साध्या व्हिडिओत सेकंदाला ३० चित्रं असतात. दोन चित्रांच्या मध्ये गोळी जवळजवळ १२ मीटर पुढे गेलेली असते. सेकंदाला एक लाख चित्रं घेणारा कॅमेरा लावला तर दोन चित्रांमध्ये ती साडेतीन मिलिमीटर सरकते, आणि तेव्हा कुठे नाट्य उलगडतं. असे क्षण पकडण्याची वाट मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधल्या हॅरल्ड एजर्टन यांनी खुली केली. त्यांनी कॅमेऱ्याचं झाकण झटपट उघडण्याच्या मागे न लागता अंधारात सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाएवढा प्रकाशाचा लखलखाट केला.

गाठी सुटायचा प्रश्नच इथे उद्भवत नाही. सैलावण्याचा काळ गोळीच्या काळापेक्षा हजारो पट मोठा आहे. तर मग पुट्टी दगडासारखी कडक व्हायला हवी ना? नाही, आणि याची दोन कारणं आहेत.

पहिलं कारण साखळ्यांमध्ये आहे. गाठी गोठल्या तरी गाठींमधल्या साखळ्या मोकळ्याच असतात. सिलिकोनच्या साखळ्या इतक्या चपळ असतात की त्या पूर्ण गोठून काचेसारख्या व्हायला तापमान शून्याखाली सुमारे १२५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरावं लागतं. गोळीच्या वेगालाही खोलीच्या तापमानात त्या वळवळत राहतात. म्हणून पुट्टी जास्तीत जास्त मऊ रबराइतकीच ताठ होते. गोळीच्या घावानं खरोखर काचेसारखे होणारे पदार्थ वेगळे आहेत. पोलादाच्या पत्र्यावर पॉलियुरियासारख्या रबराचा थर दिला तर त्याच्या साखळ्या मुळातच जरा सुस्त असल्यामुळे गोळीच्या वेगाला तो काचेच्या अवस्थेत जाऊ शकतो आणि त्या बदलात बरीच ऊर्जा शोषतो, असं अमेरिकन नौदलाच्या शास्त्रज्ञांनी २००७ मध्ये दाखवलं.

दुसरं कारण त्याहून मूलभूत आहे, आणि माझ्या मते सगळ्या विषयाचा गाभा तोच आहे. गोळीला पुढे जायचं असेल तर वाटेतली पुट्टी बाजूला सारावी लागते. पुट्टीला वस्तुमान आहे, म्हणजे जडत्व आहे; ती ताठ असो वा पातळ, तिला इतक्या कमी वेळात हलवायला दाब लागतोच. तो साधारण किती? घनतेला वेगाच्या वर्गानं गुणून निम्मं करा. पुट्टीची घनता पाण्यापेक्षा थोडी जास्त, म्हणजे घनमीटरला १,१४० किलोच्या आसपास. उत्तर येतं जवळजवळ ७ कोटी पास्कल, हवेच्या दाबाच्या सुमारे ७०० पट. आता गाठी गोठलेल्या पुट्टीचा ताठपणा पाहा: काही लाख पास्कल, हवेच्या दाबाच्या जेमतेम काही पट. सातशेपुढे तीन-चार! गोळीच्या लेखी पुट्टीचं ताठ होणं किरकोळ ठरतं. तिला जाणवतं ते मुख्यतः जडत्व, आणि त्या हिशोबात पुट्टी आणि पाणी जवळपास सारखेच.

म्हणजे वेग वाढवत गेलं तर पुट्टीची गोष्ट तीन टप्प्यांत उलगडते. सावकाश ती द्रव. हिसक्याला, उसळीला, हातोडीला ती घन. आणि गोळीच्या वेगाला, टोकासमोरच्या त्या छोट्याशा भागात, ती पुन्हा द्रवासारखी. या वेळी मात्र तिचं बळच तोकडं पडल्यामुळे. जडत्वापुढे कडकपणा नगण्य ठरला की कोणताही पदार्थ द्रवासारखा वागतो. पोलादही त्याला अपवाद नाही, फक्त त्याला वेग फार मोठा लागतो. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या यानांवर कचऱ्याचे कण सेकंदाला दहा किलोमीटरच्या आसपासच्या वेगानं आदळू शकतात. तिथे धातू शिंतोड्यासारखा उडतो. म्हणूनच फ्रेड व्हिपल यांनी १९४७ मध्ये सुचवलेली ढाल एका जाड पत्र्याची नाही. आधी एक पातळ पत्रा, मग मोकळी जागा, मग यानाची भिंत. पातळ पत्र्यावर कणाचा चुरा होतो आणि तो चुरा पसरून भिंतीवर येतो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर याच तत्त्वाची कवचं आहेत.

पुट्टीच्या ठोकळ्यात गोळीपासून जसजसं दूर जावं तसतसं चित्र बदलतं, आणि हे मला फार सुंदर वाटतं. गोळी पुढे निघून जाते, पण तिनं बाजूला ढकललेली पुट्टी त्या धक्क्यानं बाहेर पळतच राहते. मागे एक पोकळी फुगते. हे बाहेर पळणं काही हजारांश सेकंदांचं असतं. गाठी अजून बंदच असतात, पण वेग आता उतरलेले असतात, त्यामुळे इथे रबरीपणाला किंमत येते. जिथे ताण झेपण्याइतका असतो तिथून पुट्टी आत परत खेचली जाते आणि पोकळी आक्रसते. जिथे झेपत नाही तिथे चिरा पडतात, कडा पाकळ्यांसारख्या उलगडतात, तुकडे सुटून उडतात. एकाच ठोकळ्यात, एकाच क्षणी, टोकाजवळ द्रव, थोड्या अंतरावर ठिसूळ, आणखी दूर रबर.

लहरींच्या भाषेतही हे सांगता येतं. ठोकळ्याच्या एका भागाला धक्का बसल्याची बातमी दुसऱ्या भागाला लहरींमार्फतच कळते. दाबाची लहर सिलिकोनमध्ये सेकंदाला हजार मीटरच्या आसपास जाते, म्हणजे गोळीच्या पुढे. पण आकार बदलायला विरोध करणारी, बाजूची पुट्टी मदतीला ओढून आणणारी लहर वेगळी असते आणि तिचा वेग ताठपणावर ठरतो. आपल्या आकड्यांनुसार ती सेकंदाला १५-२० मीटर भरते. गोळी तिच्या वीसएक पट पळते. शेजारच्या पुट्टीला मदतीची हाक ऐकू येईपर्यंत गोळी पार गेलेली असते.

गोळी अडवणाऱ्या पदार्थांचं गुपितही इथेच आहे. स्टेफनी क्वोलेक यांनी १९६५ मध्ये ड्यू पाँट कंपनीत ज्या संशोधनातून केव्हलारची वाट मोकळी केली, त्या धाग्यांत पॉलिमरच्या साखळ्या धाग्याच्या लांबीत सरळ, एकमेकींना घट्ट बिलगून असतात. त्यामुळे ताणाची लहर धाग्यातून सेकंदाला सात-आठ किलोमीटर वेगानं धावते. गोळी कापडाला टेकताच दूरवरचे धागे ओढले जातात आणि भार वाटला जातो. डेलावेअर विद्यापीठातले नॉर्मन वॅग्नर आणि अमेरिकी लष्कराची संशोधन प्रयोगशाळा यांनी या कापडात सिलिकाच्या कणांचा, झटक्यानं घट्ट होणारा द्रव जिरवून पाहिला. त्याचा उपयोग होतो, पण गोळी अडवतात धागेच. द्रव त्यांना एकमेकांवरून निसटू देत नाही.

पुट्टीच्या जातीच्या पदार्थांचं खरं राज्य मधल्या वेगांत आहे: पडणं, धडकणं, लाथ, चेंडूचा फटका. ब्रिटनच्या रिचर्ड पामर यांनी विकसित केलेल्या डी३ओ या नारिंगी पदार्थात याच बोरॉन-सिलिकोन कुळातला घटक फोममध्ये बसवलेला असतो. अंगावर तो मऊ राहतो, हालचालीबरोबर वळतो. दुचाकीवरून पडताना गुडघा रस्त्यावर आपटला की त्या क्षणी तो ताठ होतो, धक्का मोठ्या भागावर पसरवतो आणि त्यातली बरीच ऊर्जा आतल्या घर्षणात उष्णता म्हणून जिरवतो. उसळणाऱ्या रबरानं हे साधलं नसतं, कारण घेतलेली ऊर्जा ते परत अंगावर फेकतं.

याच्या अगदी उलट स्वभाव चिलखतांच्या चाचणीत लागतो. तिथे जाकिटाच्या मागे तेलकट मातीचा ठोकळा ठेवतात. ही माती दबते आणि दबलेलीच राहते, म्हणजे धक्क्याची नोंद तिच्यात कायम उमटते. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ जस्टिसच्या मानकानुसार गोळी अडली तरी मातीतला खळगा ४४ मिलिमीटरपेक्षा खोल चालत नाही. चाचणीआधी मातीवर एक किलोचा पोलादी गोळा दोन मीटरवरून टाकून खळगा १९ मिलिमीटरच्या आसपास येतो का ते तपासतात, आणि त्यासाठी माती आधी गरम करून ठेवावी लागते. वेग, काळ आणि तापमान यांचं तेच नातं इथेही आड येतं.

गोळी खाल्लेल्या पुट्टीच्या ठोकळ्याची गोष्ट अजून संपलेली नाही. गोळीच्या वाटेवर एक ओबडधोबड भोक राहतं, कडांना चिरा असतात, आजूबाजूला धारदार कोपऱ्यांचे तुकडे पडलेले असतात. ते गोळा करून भोकात आणि चिरांत बसवा आणि ठोकळा तसाच ठेवून द्या. काही मिनिटांत कोपरे बोथट होतात. तुकड्यांच्या कडा एकमेकींना टेकतात, तुटलेली टोकं नवे शेजारी शोधतात, सुरगाठी पुन्हा बसू लागतात. सकाळी पाहावं तर टेबलावर एक गुळगुळीत, चपटी चकती पसरलेली असते, आणि तिच्यात भोक कुठे होतं ते बोटानंही सापडत नाही.